गावगाडा खरेच स्वतंत्र होता?

१८३० साली इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफने हिंदुस्थानातल्या गावांना छोटी, स्वयंपूर्ण प्रजासत्ताके म्हटले आणि ते वर्णन आपल्याला फारच आवडले. मराठी मुलखातले कागद वेगळे बोलतात. देशावर मीठ कोकणातून बैलांवर लादून येई. सारा देशमुख-देशपांड्यांमार्फत सरकारात जाई. मग स्वायत्तता नव्हतीच का? होती, पण निवाड्यात. वतनाचा म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा तंटा गावच्या न्यायसभेपुढे, गोतसभेपुढे येई, तिथे बलुतेदारही बसत. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. त्यावरून कोणी समता मात्र शोधू नये. निशाणी करणाऱ्या महाराला वेठ चुकली नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी मेटकाफचेच वर्णन पुढे ठेवून खेड्याला संकुचितपणाचे आगर ठरवले, ते उगाच नव्हे.