चिंतकाय पच्चडी

चिंतकाय पच्चडी हे आंध्र प्रदेश व तेलंगणात कच्च्या चिंचेपासून केले जाणारे साठवणीचे लोणचे आहे. तेलुगू भाषेत ‘चिंत’ म्हणजे चिंच आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. पिकलेल्या चिंचेस ‘चिंतपंडु’ म्हणतात. तेलंगणात हा पदार्थ ‘चिंतकाय तोक्कु’ या नावानेही ओळखला जातो. तेलुगू लोणची तिखटपणासाठी प्रसिद्ध असली, तरी या लोणच्याचा साठवणीचा गोळा बहुधा बिनतिखट असतो. मिरची खाण्याच्या वेळी घातली जात असल्याने ते हवे तितके सौम्य ठेवता येते.

कृती

हिवाळ्यात चिंचा भरतात, परंतु पिकलेल्या नसतात, तेव्हा त्या उतरवतात. शेंगा धुऊन, पुसून पूर्ण कोरड्या करतात आणि मीठ व हळद घालून उखळात ओबडधोबड कुटतात. एक किलो चिंचेस साधारणतः 200 ते 250 ग्रॅम मीठ लागते. हे मिश्रण तीन दिवस बरणीत मुरल्यावर त्यातील शिरा व चिंचोके काढून ते पुन्हा कुटले जाते. काही घरांत त्यात भाजलेल्या मेथीची पूड मिसळतात.

वाढण्यापूर्वी लागेल तेवढाच गोळा काढून मिरचीसह वाटतात व त्यावर मोहरी, उडीद डाळ, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी देतात. सौम्य चवीसाठी एखादीच मिरची व चिमूटभर गूळ पुरतो. गरम भात व तुपाबरोबर ही पच्चडी खाल्ली जाते.

साठवण

मीठ व चिंचेतील टार्टारिक आम्ल यांमुळे हा गोळा वर्षभर टिकतो. म्हणून लोणचे सौम्य करायचे असल्यास मिरची कमी करावी. मीठ कमी केल्यास ते नासते. बुरशी मात्र आम्लातही वाढू शकते, तिला ओलावा व हवा लागते. त्यामुळे गोळा पोकळी न ठेवता दाबून भरतात व नेहमी कोरडाच चमचा वापरतात. बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी. ज्या आम्लामुळे चिंचेने तांब्या-पितळेची भांडी लखलखीत होतात, तेच आम्ल धातूच्या डब्यात साठवलेल्या लोणच्यात धातू उतरवते. कालांतराने गोळ्याचा रंग काळपट होतो. हे नासल्याचे लक्षण नव्हे. बुरशी दिसल्यास मात्र वरचा थर खरवडून उरलेले वापरू नये, सर्वच टाकून द्यावे. फोडणी दिलेली पच्चडी, विशेषतः हिरवी मिरची किंवा लसूण घातलेली, शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवतात.