बाभळीची साल, पर्ण आणि नाव : गोरेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव (ता. सेनगाव) हा परिसर मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर, वऱ्हाडला लागून आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या काळ्या मातीच्या प्रदेशात बाभूळ हा शेतकऱ्याचा सर्वांत निकटचा वृक्ष होय. एकाच बाभळीत आढळणारे साल व पानांचे नैसर्गिक भेद कोणी, कसे आणि कशासाठी नोंदविले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

लोकव्यवहारातील वर्गीकरण

नांगर, वखर, तिफण आणि गाडीची चाके यांसाठी बाभळीचे लाकूड, कातडी कमावण्यासाठी साल, तर शेळ्यामेंढ्यांसाठी शेंगा व पाला वापरला जाई. या व्यवहारातूनच तीन भेद रूढ झाले. तेलिया बाभळीचे लाकूड जड व टिकाऊ. सुताराची पसंती तिलाच असे. कवडी बाभळीचे खोड आखूड, साल जाड, खरबरीत व खोल भेगांची. तिचे लाकूड प्रायः जळणापुरतेच मानले जाई. रामकाठीच्या फांद्या मात्र झाडूप्रमाणे सरळ वर जातात. आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृक्षसंवर्धनावरील ग्रंथात या तीन प्रकारांची दखल घेतलेली आहे.

वनस्पतिशास्त्रीय नोंदी

लिनियसने १७५३ मध्ये ‘मिमोसा निलोटिका’ हे नाव दिले. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (१९०१-१९०८) ‘वेडियाना’ हा भेद येतो. हे नाव ‘वेडी बाभूळ’ या मराठी नावाशी निगडित आहे. रामकाठीला तिच्या सरूसारख्या घडणीवरून ‘क्युप्रेसिफॉर्मिस’ हे नाव मिळाले. निजामाचा मुलूख कुक यांच्या कक्षेबाहेर होता. त्याची वननोंद ई. ए. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये केली, तर मराठवाड्याची सविस्तर वनस्पतिसूची व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये सिद्ध केली.

येथे दोन ज्ञानपद्धतींमधील अंतर स्पष्ट होते. सुतार उभे झाड पाहतो. त्याच्या दृष्टीने साल व खोडाची ठेवण निर्णायक ठरते. अभ्यासकाच्या संग्रहात मात्र वाळलेली डहाळीच पोहोचते. पर्णदलांची संख्या व आकार एकाच झाडावरही बदलतात, वयानुसार सालही पालटते. त्यामुळे शास्त्राने शेंगेच्या आकारावर भर दिला. मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली पांढुरकी शेंग हे ‘इंडिका’ या उपजातीचे लक्षण मानले गेले. २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातील गटाकडे गेले आणि बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

नावाचे स्थलांतर

लोकनामही स्थिर राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका खंडातील ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ हा वृक्ष भारतात आला व पुढे पडीक जमिनींवर पसरला. आज ‘वेडी बाभूळ’ म्हणताच बहुतेकांच्या नजरेसमोर हाच परदेशी वृक्ष येतो. परिणामी जुन्या कागदपत्रांतील ‘वेडी बाभूळ’ हा उल्लेख देशी बाभळीच्या भेदाचा असूनही परकीय वृक्षाच्या आगमनाचा पुरावा म्हणून वाचला जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष

बाभळीचे भेद ग्रंथांत येण्यापूर्वीच ते बलुतेदारांच्या व्यवहारात स्थिरावले होते. लोखंडी नांगर व ट्रॅक्टर आल्यानंतर तेलिया आणि कवडी यांतील निवड करण्याचे प्रयोजनच उरले नाही. प्रयोजनाबरोबर शब्दही मागे पडला. गणनेत सर्व झाडे केवळ ‘बाभूळ’ म्हणून नोंदली गेली, तर रोपवाटिकेसाठी बी कोणत्या झाडाचे घ्यावे, हा प्रश्नही विचारला जात नाही. म्हणून गोरेगावसारख्या सीमावर्ती परिसरातील वृद्ध सुतार व पशुपालक यांच्याकडील नावे साल, पान आणि शेंग यांच्या नमुन्यांसह संकलित होणे अगत्याचे आहे. झाड पुन्हा लावता येते. त्याला ओळखणारी दृष्टी एकदा लोपली की ती ग्रंथांतून पूर्णपणे परत मिळत नाही.