मुंबईतील गिरणी कामगारांची कार्यक्षमता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मुंबईचा गिरणी कामगार आळशी आहे, यंत्र सोडून वेळ दवडतो, असा आक्षेप वसाहतकाळात वारंवार घेतला गेला. कामगाराची कार्यक्षमता त्याच्या स्वभावावर अवलंबून असते की कामाच्या परिस्थितीवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाचे तास :
प्रारंभी गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक झाली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर मात्र मर्यादा आली नाही. विजेचे दिवे आल्यावर तेजीच्या काळात काही गिरण्या चौदा तासांपर्यंत चालू लागल्या. १९०८ च्या फॅक्टरी कामगार आयोगासमोर वेळ दवडण्याचा मुद्दा आला. कामगार जेवण, स्नान व विडीसाठी खात्याबाहेर जात, हे खरे होते. परंतु इतके तास सलग यंत्रापुढे उभे राहणे मानवी शक्तीबाहेरचे होते. ज्याला दिरंगाई म्हटले गेले, ती वस्तुतः कामगाराने स्वतःच मिळवलेली विश्रांती होती. आयोगाचे सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमत नोंदवून कायदेशीर मर्यादेचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

कच्चा माल व यंत्रे :
कापूस आखूड धाग्याचा किंवा हलक्या प्रतीचा असेल, तर सूत वारंवार तुटते. ते सांधताना साचा थांबतो आणि नगावर मजुरी मिळणाऱ्या विणकराची कमाई घटते. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमटपणा राखावा लागे. तोच दमटपणा मुंबईच्या उकाड्यात कामगाराला थकवीत असे. म्हणूनच दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याच्या योजनेला विणकरांनी विरोध केला. १९२८ च्या सुमारे सहा महिन्यांच्या संपात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. त्यामागे मजुरी व बेकारीची चिंता होतीच. परंतु परिस्थिती न सुधारता कार्यक्षमता मागितली जात आहे, हा आक्षेपही होता.

निष्कर्ष :
उत्पादन मोजणे सोपे असते. ते कोणत्या परिस्थितीत झाले, हे पाहणे कठीण असते. कापूस, यंत्र, हवा आणि तास हे चारही घटक मालकाच्या हाती होते. अकार्यक्षमतेचा दोष मात्र कामगाराच्या माथी आला. म्हणून वसाहतकालीन अहवाल अभ्यासताना 'अकार्यक्षम कामगार' हा शब्दप्रयोग वस्तुस्थिती म्हणून न स्वीकारता तत्कालीन मालक-मजूर संबंधांचा पुरावा म्हणून वाचणे आवश्यक आहे.