मुंबईचा मलेरिया वेगळा, गडचिरोलीचा वेगळा: जंगलातले डास पकडून तपासावे का लागतात?

सरकारच्या हिवताप विभागात 'कीटक समाहारक' नावाचं एक पद असतं. नावावरून फारसं काही कळत नाही, पण काम सरळ आहे: डास पकडायचे. उजाडायच्या सुमारास हातात टॉर्च, तोंडात काचेच्या नळीला जोडलेली रबरी नळी आणि समोर घराची मातीची भिंत नाहीतर गुरांचा गोठा. रात्री रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीला चिकटून बसलेली असते. ती दिसली की नळीने अलगद ओढून घ्यायची. (नळीत मध्ये जाळी असते, त्यामुळे डास तोंडात जात नाही. हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.) एका माणसाला एका तासात किती डास मिळाले, यावरून गावातल्या डासांची घनता काढतात.

हे काम गडचिरोलीत का महत्त्वाचं आहे, हे समजायला आधी मुंबईकडे बघावं लागेल. महाराष्ट्रात मलेरियाच्या बातम्या प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतात, मुंबई आणि गडचिरोली. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या आसपास होती, गडचिरोलीची जेमतेम पावणेअकरा लाख. म्हणजे नुसते आकडे शेजारी ठेवून चालत नाही, लोकसंख्येच्या मानाने गडचिरोलीचं ओझं कितीतरी जड आहे.

शिवाय आजारही तोच नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास अ‍ॅनाफिलिस स्टेफेन्सी. तो गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावर साचलेलं पाणी अशा ठिकाणी वाढतो, आणि तिथे जास्त आढळतो तो व्हायव्हॅक्स परजीवी. गडचिरोलीत मात्र मोठा वाटा फॅल्सिपेरमचा असतो. हा परजीवी मेंदूपर्यंत पोचू शकतो. ताप, मग झटके, मग बेशुद्धी. लहान मुलांमध्ये हे सगळं एक-दोन दिवसांत घडू शकतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, आणि मलेरियाचा हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो.

दोन डास, दोन स्वभाव

चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२पर्यंत एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा झाला. भातशेती, मालगुजारी तलाव, बोड्या, नाले आणि जंगल हे दोन्हीकडे आहे. पण गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, आणि तिथेच गोष्ट बदलते.

मध्य भारतात मलेरिया पसरवणाऱ्या डासांमध्ये दोन नावं मुख्य. पहिला अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसिस. ग्रामीण भारतातल्या मलेरियाच्या निम्म्याहून जास्त केसेसना हाच जबाबदार मानला जातो. नदीच्या पात्रातली डबकी, कालवे, भाताच्या बांध्या अशा ठिकाणी तो अंडी घालतो. गंमत म्हणजे त्याला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं, पण तो इतक्या संख्येने असतो की माणसाच्या वाट्याला आलेले थोडे डंखही पुरतात. दुसरा अ‍ॅनाफिलिस फ्लुव्हिएटिलिस, डोंगरपायथ्याच्या संथ, काठाला गवत असलेल्या ओढ्यांचा रहिवासी. याच्यात दिसायला हुबेहूब सारख्या पण प्रत्यक्षात वेगळ्या अशा उपजाती आहेत. त्यातली 'एस' नावाची उपजात माणसाच्या रक्ताची शौकीन. ती ओळखायला साधी नजर उपयोगी नाही, गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. भारतात या उपजाती वेगळ्या करण्याचं मोठं काम दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात, म्हणजे आताच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत, डॉ. सरला सुब्बाराव यांच्या गटाने केलं.

पकडलेल्या मादीचं पुढे काय होतं? पोटातल्या रक्ताची चाचणी करून ते गुराचं की माणसाचं, हे बघतात. लाळग्रंथी वेगळी करून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधतात. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी असतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादमध्ये असाच डास चिरून दाखवलं होतं. पद्धत आजही फार बदललेली नाही. डासाने बाधित माणसाला चावल्यापासून परजीवी लाळेत यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणजे धोका असतो तो एवढे दिवस जगलेल्या म्हाताऱ्या मादीपासून. फवारणीचा हिशोबही हाच: सगळे डास नाही मेले तरी चालेल, त्यांचं आयुष्य कमी झालं पाहिजे.

काही डास जिवंतच ठेवतात. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत त्यांना तासभर सोडायचं आणि २४ तासांनी किती मेले ते मोजायचं. ९० टक्क्यांपेक्षा कमी मेले, तर डास त्या औषधाला सरावलेत असं समजतात. क्युलिसिफेसिस डीडीटीला देशाच्या बऱ्याच भागात कधीच सरावलाय. ही तपासणी न करता फवारणी केली तर पैसा भिंतीवर आणि डास घरात.

मग फवारणी, मच्छरदाणी असूनही का जात नाही?

भारतात १९६१मध्ये वर्षाला मलेरियाचे फक्त ५० हजारांच्या आसपास रुग्ण उरले होते. १९७६मध्ये तो आकडा ६४ लाखांवर गेला. औषधाला सरावलेले डास आणि ढिली पडलेली यंत्रणा, दोन्ही कारणं होती.

घरातली फवारणी घरात बसणाऱ्या डासावर चालते. पण उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला माणसं पहाटेच जंगलात असतात, पीक राखायला रात्री शेतात झोपतात, उकाड्यात अंगणात खाटा टाकतात. तिथे भिंत कुठली? सणाच्या आधी घर पुन्हा सारवलं की औषधाचा थरही झाकला जातो. यात लोकांना दोष देणं सोपं आहे, पण सारवण बंद करा असं सांगणारी योजना कागदावरच राहील.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे ताप नसलेले रुग्ण. वर्षानुवर्षं मलेरिया झालेल्या मोठ्या माणसाचं शरीर परजीवीला थोडंफार सरावतं. तो कामाला जातो, त्याला काही होत नाही, पण त्याला चावलेला डास आजार घेऊन शेजारच्या बाळाकडे जातो. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये छत्तीसगड सरकारने २०२०पासून ताप असो-नसो घरोघरी सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा पहिल्या फेरीत सापडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कुठलंच लक्षण नव्हतं. डास आणि माणसं सीमा पाळत नाहीत, त्यामुळे तिकडचं हे काम इकडेही मोलाचं आहे.

गडचिरोलीत हा आजार डॉक्टरांनी फार जवळून पाहिलाय. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३मध्ये सुरू झाला, तेव्हापासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणाऱ्या माडिया रुग्णांमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या केसेस नित्याच्या होत्या. आता जिल्हा मलेरियामुक्त करण्यासाठी 'सर्च'चे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स आहे. देशाचं लक्ष्य २०३०पर्यंत मलेरिया संपवण्याचं आहे.

आणि तुम्ही ताडोबा, हेमलकसा किंवा भामरागड फिरून आला असाल तर एवढं करा. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही जंगलात जाऊन आलात, आणि रक्ततपासणी करून घ्या. रॅपिड टेस्टचं उत्तर पंधरा-वीस मिनिटांत मिळतं. व्हायव्हॅक्स निघाला तर १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून काही जण त्या सोडून देतात. परजीवी यकृतात लपून राहतो आणि काही महिन्यांनी तोच ताप पुन्हा येतो.