माळाची ओळख : शिरूर-दौंडच्या गवताळ भूमीचा इतिहास

उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला जमण्याची रीत पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली घातली आणि तेथून ती महाराष्ट्रातल्या गावोगावी पसरली. त्याच वैशाखात आता दुसरीही एक रीत रुजत आहे. शाळांना सुट्टी लागली की मुलांना घेऊन रानात जायचे, जाणत्या माणसाच्या मागून चालायचे, पक्षी ओळखायचे, पाणवठ्यावर रात्र जागवायची. या रीतीलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या दाराशीच आहे. म्हणून ताडोबा किंवा नागझिरा सोडून आज आम्ही श्रोत्यांना शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या माळावर नेणार आहोत.

शिरूरहून दक्षिणेकडे निघावे. न्हावऱ्यावरून पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. केडगाव मागे टाकून चौफुल्याला सोलापूर रस्ता ओलांडावा आणि तसेच पुढे गेले की बारामती तालुक्यातले सुपे येते. या साऱ्या वाटेवर सह्याद्रीने अडवलेला पाऊस फारच थोडा पोचतो. कालव्याचे पाणी जेथे आले तेथे ऊस उभा आहे. जेथे आले नाही तेथे मुरमाड जमीन, बोरी-बाभळी, हिवर आणि गुडघाभर गवत. उन्हाळ्यात हे गवत पिवळे पडते आणि गाडीतून जाणारा शहरी मनुष्य म्हणतो, “काय हे उजाड रान!” आमच्या विवेचनाचा विषय नेमका हा उद्गार होय. हे रान उजाड कधी ठरले आणि कोणी ठरवले?

जुन्या काळी ते उजाड नव्हते. आपल्या भाषेत ‘कुरण’ असा एक शब्द आहे. कुरण म्हणजे राखलेले गवत. ज्या राज्याचे बळ घोडदळात होते त्या राज्याला गवताची किंमत धान्याइतकीच होती. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात ती घोड्यांची आठवण अजून टिकून आहे. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला तर माळ हेच घर. लांडगा कोणत्या ओघळीत राहतो, टिटवी कोठे अंडी घालते, कोणत्या पावसानंतर कोणते गवत वर येते, हे सारे ज्ञान त्याच्यापाशी होते. फक्त ते लिहिलेले नव्हते.

लिहिण्याचे काम एका परक्या माणसाने केले. पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनी, १८२४ साली, मुंबई सरकारने दख्खनच्या पाहणीवर विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. जमीन, पिके, लोकवस्ती यांची मोजदाद करता करता हा मनुष्य पशुपक्ष्यांचीही नोंद करीत गेला. १८३१ साली त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पुढच्या वर्षी पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे ठेवली. भारतीय लांडगा आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी शास्त्राच्या वहीत प्रथम आले ते त्या १८३१ च्या यादीने. चिंकाऱ्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘बेनेटी’ हा शब्द आहे. तो त्या मंडळाचे चिटणीस बेनेट यांच्या सन्मानार्थ घातलेला. म्हणजे आपल्या माळावरचे हरीण लंडनच्या चिटणिसाच्या नावाने जगात ओळखले जाऊ लागले. यात आम्ही साइक्सला दोष देत नाही. त्याने निदान पाहिले आणि लिहून ठेवले. आपल्यापैकी ज्यांना लिहिता येत होते त्यांनी माळाकडे पाहिले नाही, आणि जे पाहत होते त्यांना लिहिता येत नव्हते. हे अंतर आपल्या समाजाचेच होते.

नाव दिल्याने ओळख होतेच असे नाही. ओळख करून देणारा कोणी लागतो. मुंबईत १८८३ साली निसर्ग इतिहास संस्था निघाली. परंतु तिचे आरंभीचे सभासद बहुतांशी युरोपियन अधिकारी आणि शिकारी होते. सामान्य माणसाला निसर्ग समजावून सांगावा ही कल्पना पुढे विसाव्या शतकात फोफावली. अमेरिकेत योसेमिटी येथील राष्ट्रीय उद्यानात १९२० च्या उन्हाळ्यात पाहुण्यांना रानातून फिरवून माहिती देणारे वाटाडे सरकारी व्यवस्थेतून नेमले गेले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२६ साली, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात सालिम अली या तरुणाची नेमणूक झाली. संग्रहालयाला भेट देणाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्राण्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम. पंधरा वर्षांनी, १९४१ साली, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि पक्षी पाहण्यासाठी हातात बंदूक असावी लागत नाही ही गोष्ट मध्यमवर्गाला पटू लागली.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाला झाडांची काळजी वाटू लागली. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू उत्तम होता, परंतु त्यातून एक समजूत घट्ट झाली की जेथे झाडे तेच वन आणि जेथे झाडे नाहीत ती पडीक जमीन. महसुलाच्या कागदात माळाला आधीच ‘पडीक’ म्हटलेले होते. मग माळावर चर खणले गेले आणि गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. चिंकारा मोकळ्यावर दूरवर पाहून जीव वाचवतो. चंडोल आणि धाविक जमिनीवरच घरटे करतात. त्यांच्या दृष्टीने दाट लागवड म्हणजे घर मोडणे होय. माळढोक तर आपल्या भागातून नाहीसाच झाला. शिकारीने हानी झाली हे सर्वांना ठाऊक आहे, पण चांगल्या हेतूने केलेली हानी ओळखायला आपल्याला फार वेळ लागला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चिंकाऱ्याला सर्वांत कडक संरक्षण दिले. पुढे १९९७ साली सुप्याजवळचा सुमारे पाच चौरस किलोमीटरचा माळ अभयारण्य म्हणून राखला गेला. जवळच्या मोरगावच्या गणपतीवरून त्याला मयूरेश्वर हे नाव मिळाले. वाघ नाही, डोंगर नाही, धबधबा नाही, अशा उघड्या माळाला अभयारण्य म्हणावे, हा आमच्या मते विचारातला फार मोठा पालट होता. अलीकडे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली असून तेथे गावचेच तरुण वाटाडे म्हणून पाहुण्यांबरोबर जातात. जे ज्ञान पूर्वी मेंढक्यापाशीच राहत होते, त्याला प्रथमच मोबदला आणि मान मिळू लागला आहे.

उन्हाळी कार्यक्रमांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे वैशाखी पौर्णिमेची प्राणिगणना. राज्यभरातील रानांत मचाण बांधून, चांदण्यात पाणवठ्यावर येणारी जनावरे मोजण्याची ही पद्धत. शास्त्राच्या दृष्टीने ती आता पुरेशी मानली जात नाही. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर जाऊ शकते, आणि चिंकारा तर पाल्यातल्या ओलाव्यावर नि दवावर बरेच दिवस काढतो. तो पाण्यावर आला नाही म्हणून रानात नाही असे होत नाही. म्हणून वनविभागाने नागरिकांसाठी या रात्रीला ‘निसर्गानुभव’ असे नाव दिले. आम्हांला हे नाव प्रामाणिक वाटते. एक रात्र न बोलता बसून राहणे हे शहरातल्या माणसाला मोठेच शिक्षण आहे.

परंतु शिरूर तालुक्यातील श्रोता येथे उठून विचारील, “तुम्ही चांदण्यात जनावरे पाहायला जा, आमच्या अंगणात बिबट्या येतो त्याचे काय?” हा प्रश्न टाळून निसर्गाविषयी बोलणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. घोड, कुकडी, चासकमान यांच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. या तालुक्यात त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, लहान मुलेही दगावली. ज्या आईचे लेकरू गेले तिला निसर्गप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांना नाही.

तरीही इतिहास काही सांगतो. शिरूर ज्या जुन्नर वनविभागात येतो त्या विभागात २००१ ते २००३ या काळात अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की, त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते या काळात सतरांवर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर अधिक घातक ठरले. पकडा आणि दूर सोडा हा उपाय सरळ वाटला, पण उलटला. तेव्हा ज्ञान ही हौशी लोकांची करमणूक नव्हे. ते जीव वाचवण्याचे साधन आहे. संध्याकाळी मुलांना एकटे न सोडणे, उघड्यावर न बसावे लागेल अशी शौचालये, गोठ्याला बंदिस्त दार, वस्तीवर दिवे, हे सारे बिबट्याची रीत समजल्यावरच सुचते. उन्हाळी शिबिरे सुट्टीतल्या शहरी मुलांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ऊसवस्तीवरच्या मुलांसाठी भरली पाहिजेत असे आमचे आग्रहाचे मत आहे.

माणूस आणि पाखरू यांच्या शेजाराचे सुखाचे उदाहरणही याच तालुक्यात आहे. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. पण मोराची चिंचोली या गावाने ते नाते आपल्या नावातच जपले आहे. तेथे चिंचेच्या सावलीत मोर हिंडतात, आणि ते पाहायला येणाऱ्यांना शेतकरी आपल्या घरी जेवू घालून चार पैसे मिळवतात.

शेवटी एक आठवण सांगून थांबतो. एका मे महिन्यात आम्ही काही मंडळी सकाळी माळावर फिरत होतो. दुर्बिणी गळ्यात, नजर आभाळात. मेंढरांमागून येणारा एक म्हातारा एकाएकी ओरडला, “आवं, पाय जपून टाका! टिटवी बसलीया हितं.” आम्ही खाली पाहिले. पावलापासून हातभर अंतरावर खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती. आम्हांला ती दाखवूनही चटकन दिसेनात. त्याला मात्र ती वीस पावलांवरून ठाऊक होती.

उन्हाळा हा माळावर पुष्कळ पाखरांचा अंडी घालण्याचा काळ आहे. म्हणून जाणाऱ्यांनी पायवाट सोडू नये, गाडी गवतात घालू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, आणि गावच्या वाटाड्याला बरोबर घ्यावे. त्याचे ऐकावे आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. साइक्सच्या यादीला जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. त्या यादीत आपल्या माळाची नावे आली, पण ज्यांनी तो माळ ओळखला होता त्यांची नावे कोठेच आली नाहीत. आता तरी ती उणीव भरून निघावी, आणि पुढल्या वैशाखात याच व्यासपीठावर माळावरचाच एखादा वाटाडा आपल्याला माळाविषयी सांगायला उभा राहावा, एवढीच आमची इच्छा आहे.