कर्करोगाची खातेवही आणि तिचे आकडे

आपले जोगेश्वरी एके काळी मुंबईची वेस होते. १९५० साली शहराची हद्द वाढली ती या बाजूस जोगेश्वरीपर्यंत. १९५७ साली ती दहिसरला भिडली. ही हद्द काही घरपट्टीपुरती नव्हे. रोगाची मोजदाद करावयाची, तर कोणत्या वस्तीतील किती माणसांत किती रोगी, हे आधी ठरावे लागते.

ते काम १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने हाती घेतले. सबंध शहराच्या लोकसंख्येशी ताळा घालणारी देशातली ही पहिली कर्करोग-नोंदणी. त्या काळी कायद्याची सक्ती नव्हती. नोंदणीची माणसेच इस्पितळांतून हिंडत आणि कागद चाळीत. परळला उपचारापुरता आलेला परगावचा रोगी मुंबईच्या हिशेबात धरावयाचा नाही, हे पथ्य.

आता आकड्यांची गंमत पाहू. खरे म्हणजे गंमत नव्हे, धोका. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक रोगाला क्रमांक देते आणि ही यादी वेळोवेळी बदलते. १९६३ साली सातवी यादी चालू होती. तीत १७० म्हणजे स्तनाचा कर्करोग, १७१ म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा. १९६८ पासून आठवी यादी आली. तीत १७० हाडांचा झाला, १७१ स्नायू वगैरे मऊ भागांचा; स्तन १७४ वर गेला, गर्भाशयमुख १८० वर. दोन्ही वह्या न तपासता कोणी एकत्र जोडल्या, तर बायकांचे दोन मोठे रोग एका रात्रीत नाहीसे झाले आणि हाडे कुजू लागली, असेच दिसावयाचे! दहाव्या यादीने आकड्यांआधी अक्षर लावले. स्तन सी ५०, गर्भाशयमुख सी ५३. हा घोटाळा निदान टळला.

पण सारेच बदल असे पाटी बदलण्यापुरते नसतात. अर्बुदांच्या स्वतंत्र यादीची तिसरी आवृत्ती २००० साली निघाली. तीत बीजांडाच्या काही सीमेवरच्या गाठी कर्करोगातून वगळल्या गेल्या. संख्या घटली; बरे कोणी झाले नव्हते.

याहून कठीण प्रश्न अॅस्बेस्टॉसच्या कामगारांचा. त्यांना होणाऱ्या मेसोथेलिओमाला नवव्या यादीत स्वतःचे घर नव्हते. फुप्फुसाच्या आवरणावर तो झाला, तर १६३ या क्रमांकात त्या आवरणाच्या इतर कर्करोगांबरोबर बसे. दहाव्या यादीने त्याला सी ४५ दिला. परंतु जुन्या १६३ मधले कामगार कोणते, हे आकड्यावरून कळत नाही. रोगपरीक्षकाने लिहिलेला मूळ कागद जपला असेल, तरच कळते.