मातृत्वलाभ, संततिनियमन आणि विमा : मुंबई प्रांतातील दोन मागण्यांचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील आरोग्यविम्याचा इतिहास बहुधा कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ पासून सांगितला जातो आणि संततिनियमनाचा इतिहास १९५२ च्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमापासून. दोन्ही विषयांचे अभ्यासक वेगळे, त्यांची कागदपत्रे वेगळी आणि त्यांचा कारभार पाहणारी मंत्रालयेही वेगळी. मात्र ज्या काळात या प्रश्नांची सार्वजनिक चर्चा आकाराला आली, त्या काळात मुंबई प्रांतात ते एकमेकांपासून इतके दूर नव्हते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणात वेतन मिळावे ही मागणी आणि मूल नको असलेल्या स्त्रीला ते टाळण्याचे साधन मिळावे ही मागणी, या दोन्ही मुंबईच्या विधिमंडळात अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने मांडल्या गेल्या, आणि दोहोंच्या मागे काही अंशी तीच माणसे होती. पुढे पहिली मागणी विम्याच्या कायद्यात गेली आणि दुसरी लोकसंख्या-धोरणात. ही फारकत कशी झाली आणि तिचा स्त्रियांच्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेवर कोणता परिणाम झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबई प्रांतातील मातृत्वलाभ

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने प्रसूतीविषयक करार संमत केला. बाळंतपणातील लाभ सरकारी निधीतून अथवा विमापद्धतीतून द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मालकाच्या खिशातून द्यावा असे म्हटले नव्हते. भारताने या कराराला मान्यता दिली नाही. तथापि मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवून ठेवतात, ही बाब ठळकपणे आली. गिरणगावात हे सर्वांना ठाऊक होते. सरकारी कागदावर ते आल्यामुळे त्याला वजन प्राप्त झाले. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मातृत्वलाभाचे विधेयक मांडले, पण ते नामंजूर झाले.

मुंबई विधिपरिषदेत २८ जुलै १९२८ रोजी याच विषयावरील विधेयकाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी तत्त्व म्हणून मान्य केले. पण सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडावे, हा युक्तिवाद त्यांनी स्वीकारला नाही. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. तेव्हा त्या फायद्याबरोबर येणारा भारही त्याने सोसावा, अशी त्यांची मांडणी होती. आरोग्याचा खर्च कोणी करावयाचा, या आजही न सुटलेल्या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी त्या काळच्या चर्चांत क्वचितच आढळते.

१९२९ चा मुंबई मातृत्वलाभ कायदा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. आठ आणे रोज या दराने काही आठवड्यांचा लाभ त्याने दिला. परंतु त्याचा संपूर्ण बोजा मालकावर होता आणि येथेच त्याची मर्यादा होती. ज्या गिरणीत स्त्रिया अधिक, तिचा खर्च अधिक. म्हणजे स्त्री कामावर न घेणे हीच मालकाची काटकसर. पुढील दोन-तीन दशकांत मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घसरत गेले. वाइंडिंग व रिळिंग खात्यांतील यांत्रिकीकरण, रात्रपाळीवरील बंदी आणि मातृत्वलाभाचा खर्च अशी तिन्ही कारणे इतिहासकार देतात. त्यांपैकी कोणते किती, याचा हिशेब सोपा नाही. मात्र लाभ विम्यातून न देता थेट मालकाकडून घेतल्यास तो स्त्रीच्या नोकरीवर उलटू शकतो, हा धडा पुढील काळातील धोरणकर्त्यांनी घेतलेला दिसतो.

१९३८ चा ठराव

याच दोन दशकांत रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाचे काम एकहाती करीत होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी उघडले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांची भूमिका मुळात लोकसंख्येची नव्हती. स्त्रीचे आरोग्य, तिचे सुख आणि तिचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार हा त्यांच्या लेखनाचा गाभा होता. परंतु एका व्यक्तीच्या खटपटीवर चालणारे केंद्र परळ-लालबागच्या चाळींपर्यंत पोचणे शक्य नव्हते. त्यासाठी सार्वजनिक पैसा हवा होता.

तो मागण्याचा प्रयत्न १० नोव्हेंबर १९३८ रोजी झाला. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत अशासकीय ठराव मांडला. सरकारने जनसामान्यांत संततिनियमनाचा जोमाने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्यात शिफारस होती. यानिमित्त केलेले भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केले होते. त्यात दारिद्र्याचा व लोकसंख्येचा युक्तिवाद आहेच. पण कोणत्याही कारणाने मूल नको असलेल्या स्त्रीला गर्भधारणा टाळता आली पाहिजे आणि मूल होऊ देणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असावे, हे विधानही आहे. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरुद्ध ५२ मते पडली. त्या वेळी प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते.

१९२८ मधील विधेयक पुढच्याच वर्षी कायदा झाले, तर १९३८ मधील ठराव पाचास एक अशा फरकाने पडला. आई होणाऱ्या कामगार स्त्रीला विधिमंडळ समजू शकत होते. आई न होऊ इच्छिणारी स्त्री त्याच्या कल्पनेत बसत नव्हती. पुढच्या विमा कायद्याची चौकट बहुतांशी याच कल्पनेने आखली.

विमा योजना आणि शस्त्रक्रिया

प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ मध्ये सादर झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. आजारपण, प्रसूती आणि कामावरील अपघात या तिन्ही जोखमी एका योजनेत आणण्याच्या विचाराला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनीही पाठिंबा दिला आणि त्यातून १९४८ चा अधिनियम आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. नागपूर व मुंबईत ती १९५४ मध्ये आली. प्रसूतीचा खर्च आता एकट्या मालकाचा राहिला नाही. मालक व कामगार यांच्या वर्गणीच्या सामाईक निधीतून तो भागू लागला. १९२९ च्या कायद्यातील दोष अशा रीतीने तत्त्वतः दूर झाला. विमेदार स्त्रीला प्रसूती, गर्भपात आणि गर्भारपणातून उद्भवलेले आजार यांसाठी रोख लाभ मिळाला. संततिनियमनाला त्यात जागा नव्हती. ते स्वतंत्रपणे पहिल्या पंचवार्षिक योजनेत दाखल झाले होते, ६५ लाख रुपयांच्या तरतुदीसह.

विमा आणि संततिनियमन यांची गाठ पडली ती आणीबाणीत. १९७६ मध्ये कर्मचारी राज्य विमा योजनेत ‘वाढीव आजारपण लाभ’ आला. एरवीच्या आजारपणात सुमारे निम्मे वेतन मिळे. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या विमेदारास मात्र पूर्ण वेतन, पुरुष नसबंदीस सात दिवस आणि स्त्री नसबंदीस चौदा दिवस. शस्त्रक्रियेनंतर विश्रांती आवश्यकच असते, त्यामुळे या लाभाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण तो केव्हा आला हे विसरता येत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुष होते. १९७७ च्या निवडणुकीनंतर पुरुषांवरील शस्त्रक्रियांचे नाव काढणे राजकीयदृष्ट्या अवघड झाले. कार्यक्रम थांबला नाही. तो स्त्रियांकडे वळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते.

कायद्यांनी या वळणाची दखल घेतली. मातृत्वलाभ अधिनियम, १९६१ मध्ये १९९५ च्या दुरुस्तीने स्त्री नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा आली. शिबिरांतील मृत्यू व निष्फळ शस्त्रक्रिया यांविषयीच्या रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये आदेश दिल्यानंतर केंद्र सरकारने त्याच वर्षी कुटुंबनियोजन विमा योजना सुरू केली. या योजनेतील विमा शस्त्रक्रिया फसल्यास, गुंतागुंत झाल्यास वा स्त्री दगावल्यास भरपाईचा होता. २०१३ पासून विमा कंपन्यांना वगळून ही भरपाई राज्यांमार्फत देण्यात येऊ लागली. त्यानंतरच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, बिलासपूरनजीकच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी मरण पावल्या. भरपाईचे दर ठरलेले होते, पण शस्त्रक्रिया सुरक्षित होईल याची हमी कोठेच नव्हती.

खासगी विम्यातील वगळणी

मध्यमवर्गाचा विमा वेगळ्या वाटेने आला. सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणली. रुग्णालयात दाखल होणे ही तिची अट आणि प्रसूती ही तिची वगळणी होती. विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्यांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील वंध्यत्वविषयक कलमात कृत्रिम गर्भधारणा आणि सरोगसीच्या जोडीला ‘कोणत्याही प्रकारचे संततिनियमन’ आणि नसबंदीही बसविली आहे. मूल हवे असणारी आणि मूल नको असणारी, अशा दोघींना एकाच वाक्यात दाराबाहेर ठेवणारे हे कलम आहे. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्चही स्वतंत्र कलमाने वगळला आहे.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर ऑगस्ट २०१२ पासून विमा कंपन्यांना संततिनियमनाची साधने रुग्णाकडून काहीही न घेता देणे बंधनकारक झाले आणि त्यावरून मालकांच्या धर्मश्रद्धेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ च्या हॉबी लॉबी निकालात काही कंपन्यांना सूट मिळाली. भारतात असा वाद कधी उद्भवला नाही. याचे श्रेय सहिष्णुतेला देण्याचा मोह होतो, पण कारण साधे आहे : येथे विम्याने ती जबाबदारी कधी घेतलीच नाही. सरकारी दवाखान्यात तांबी, गोळ्या व निरोध मोफत मिळत असल्याने वगळणी कोणाला बोचली नाही. मात्र मोफत साधनांत काय असावे हे सरकार ठरविते. इंजेक्शनचा पर्याय खासगी दवाखान्यांत अनेक वर्षे उपलब्ध असूनही सरकारी कार्यक्रमात तो ‘अंतरा’ या नावाने २०१७ मध्ये आला.

प्रतिबंधात्मक तपासण्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण त्यांच्यामागे लोकसंख्येचे धोरणही उभे नव्हते. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली होती. स्तनांच्या कर्करोगासाठी ०.९ टक्के. २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना किंवा महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रोग वाढल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. तो वेळीच ओळखण्याचे काम आरोग्यकेंद्रांवर सोपविलेले आहे आणि ते किती होते हे वरील आकडे सांगतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा विमा अधिनियम व १९६१ चा मातृत्वलाभ अधिनियम असे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. स्त्री नसबंदीनंतरच्या दोन आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद संहितेत जशीच्या तशी आली आहे. तांबी बसवून घेणाऱ्या अथवा कर्करोगाची प्राथमिक तपासणी करून घेणाऱ्या कामगार स्त्रीला एका दिवसाचे वेतन देणारे कलम संहितेच्या मातृत्वलाभाच्या प्रकरणात नाही.